दोन इंची आट्यांवर अडकलेला चक

पोळा होऊन आठवडा झाला होता आणि पावसाने जराशी उघडीप दिली होती, तेव्हा हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातून, बिडाची एक पुली माझ्या वर्कशॉपमध्ये आली. पुली अठरा इंच व्यासाची, चार आऱ्यांची होती आणि तिचे मधले भोक झिजून अंड्यासारखे लांबट झाले होते. दसऱ्यानंतर शेतातला कापूस बाजारात यायला लागला की जिनिंगवाल्यांना मान वर करायला फुरसत मिळत नाही, त्यामुळे त्यांची सगळी डागडुजी पोळा ते दसरा या महिना-दीड महिन्यात उरकावी लागते आणि आमच्यासारख्या खेड्यातल्या टर्नरचेही वर्षातले बरेचसे उत्पन्न याच दिवसांत होते. काम तसे सोपे होते. भोक खरे करून मोठे करायचे, त्यात बिडाचा बुश, म्हणजे जाड नळीसारखा तुकडा, दाबून बसवायचा आणि बुश आतून मापाला कातायचा. अडचण एवढीच होती की अठरा इंची पुली लेथच्या तीन जॉच्या चकमध्ये, म्हणजे कातायचा तुकडा (जॉब) तीन जबड्यांत पकडून फिरवणाऱ्या पकडीत, धरता येत नाही; या चकला आमच्याकडे ट्रू चक म्हणतात. ती फेसप्लेटवर, म्हणजे मोठ्या सपाट चकतीवर, बांधावी लागते आणि फेसप्लेट चढवायची तर आधी चक उतरवावा लागतो.

आणि माझ्या लेथ मशीनवरचा चक मी मशीन घेतल्यापासून, म्हणजे सात वर्षांत, एकदाही उतरवला नव्हता. याबाबतीत दोष माझाच आहे. पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, कल्टिव्हेटरचे बुश ही सारी कामे त्याच चकमध्ये होत होती, म्हणून त्याला हात लावण्याची गरज पडली नाही, आणि गरज पडत नाही तोवर काढून पुसून ठेवण्याची शिस्त मी पाळली नाही.

मशीन जुने आहे. बंद पडलेल्या एका जिनिंग-प्रेसिंगचा माल भंगाराच्या भावाने निघाला, तेव्हा मी ते उचलले होते. सहा फुटांचा बेड, तीन पायऱ्यांची कोन पुली, चामडी पट्टा, स्पिंडलला, म्हणजे चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याला, गनमेटलचे बुश, आणि लीड स्क्रूवर, म्हणजे आटे पाडताना टूल पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूवर, इंचाला चार आटे. स्पिंडलच्या नाकावर दोन इंच व्यासाचे उजवे आटे आहेत आणि चकची बॅकप्लेट, म्हणजे पाठीमागची चकती, त्या आट्यांवर नटासारखी फिरवून मागच्या खांद्याला टेकवलेली असते. आजकालच्या बऱ्याच मशीनवर चक कॅमलॉकने बसतो, चावीने कॅम फिरवले की तो हातात येतो आणि त्यावर लेख लिहिण्याची वेळ कोणावर येत नाही. मात्र आमच्या भागातल्या बहुतेक छोट्या वर्कशॉपांत अजून आट्यांच्या नाकाचीच मशीन आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आट्यांचा चक घट्ट का होतो, हे मशीनच्या फिरण्याच्या दिशेवरून कळते. टेलस्टॉककडे, म्हणजे चकच्या समोरच्या टोकाला, उभे राहून पाहिले तर स्पिंडल घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो आणि चकचा वरचा भाग कारागिराकडे येतो. टूल जॉबला अडवते, म्हणजे चकला काट्यांच्या दिशेने मागे ढकलते, आणि उजव्या आट्यांचा नट त्याच दिशेने आवळला जातो. म्हणजेच मशीनवर घेतलेला प्रत्येक कट चकला केसभर का होईना, आवळतच असतो. त्यात कधी टूल जॉबमध्ये घुसले, जॉब उसळला, पट्टा घसरला, की तो एकच झटका वर्षभराच्या आवळण्याइतका ठरतो. काही कारागीर चक चढवताना मशीन चालू करून तो स्पिंडलवर फिरू देतात आणि खांद्यावर धाडकन आदळू देतात. असे करणाऱ्याला पुढे तो चक काढण्याचे कामही द्यावे, असे मला नेहमी वाटते.

सोडवण्याची पहिली रीत सगळ्यांना ठाऊक असते. चकला बेडच्या मागच्या बाजूला लाकडाचा ठोकळा लावायचा आणि स्पिंडल हाताने उलटा फिरवायचा, म्हणजे मागच्या बाजूचा जॉ खाली येऊन ठोकळ्यावर अडतो, स्पिंडल पुढे फिरू पाहतो आणि आटे सुटतात. ठोकळ्यासाठी मी आमच्या वाढयाकडे, म्हणजे सुताराकडे, गेलो. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल विकून झाल्यामुळे तो नुकताच मोकळा झाला होता. त्याने सागाचा तुकडा पुढे केला, पण मी बाभळीचा मागून घेतला, कारण साग जॉच्या कोपऱ्याखाली दबतो आणि धक्का गिळून टाकतो, तर बैलगाडीच्या चाकात आयुष्य काढणारी बाभूळ तो धक्का जसाच्या तसा परत देते. मेन स्विचचे फ्यूज काढून खिशात टाकले, बेडवर जाड पाट ठेवला, बॅक गिअर (स्पिंडलची गती कमी करणारी गिअरची जोडी) लावला आणि मी व माझा पुतण्या, दोघांनी मिळून पट्टा ओढला. जॉ ठोकळ्यावर टेकला, पट्टा ताणला गेला आणि पुलीवर घसरला. दुसऱ्यांदा झटका देऊन पाहिले. ठोकळ्यावर जॉचा खळगा उमटला, त्यापलीकडे काही घडले नाही. अशा वीसेक प्रयत्नांनंतर आम्ही दोघे खाली बसलो.

पुतण्या गेल्या वर्षीच आयटीआयमधून टर्नरचा कोर्स करून आला आहे आणि त्याच्या अंगात त्या वयाचा जोर आहे. तो म्हणाला, "काका, बॅक गिअरही लावू अन् पिनही राहू देऊ, म्हणजे स्पिंडल जाम होते. मंग सब्बल लावू अन् एक घण मारू. निंघते का नाई पाहू."

ही दुसरी रीत होय आणि ती फार लोकप्रिय आहे. स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरची, म्हणजे बुल गिअरची, त्याला कोन पुलीशी जोडणारी पिन आत ठेवून वर बॅक गिअर जोडला की दोन वेगवेगळ्या गतींची सांगड बसते आणि स्पिंडल जागच्या जागी अडकतो. त्यानंतर चकमध्ये लांब दांडा धरून ठोकता येते. मी नको म्हणालो, आणि का नको म्हणालो ते सांगायला मला पंचवीस वर्षे मागे जावे लागते. एका कारखान्यात मी शिकाऊ म्हणून होतो आणि तिथे असाच एक चक मी याच रीतीने, उस्ताद जेवायला गेलेले असताना, काढला होता. चक सुटला, पण बुल गिअरचे दोन दातही सुटले. बीड वाकत नाही, ते सरळ तुटते. तुटलेल्या जागी भोके पाडून, आटे पाडून, प्रत्येक दाताच्या जागी तीन-तीन स्टड बसवून, त्यावर पितळेचे ब्रेझिंग चढवून मी ते दोन दात कानशीने घडवले. त्यात तीन दिवस गेले. तो गिअर पुढे चालला, पण प्रत्येक फेऱ्याला एक टक् असा आवाज देत चालला आणि मी तिथे होतो तोवर तो आवाज माझ्याकडे पाहूनच येतो आहे असे मला वाटत असे.

पुतण्याला मी फरशीवर खडूने हिशेब मांडून दाखवला. दांडा चार फुटी, म्हणजे १२० सेंटिमीटर धरला आणि त्याच्या टोकावर एका माणसाने नुसते ४० किलोचे वजन टाकले. बुल गिअरची त्रिज्या १० सेंटिमीटर आहे. म्हणजे दातावर येणारा भार बारा पट, निदान ४८० किलो. हा भार एका वेळी एखाद-दुसऱ्याच दातावर येतो, कारण गिअरचे सगळे दात एकदम कधीच भिडलेले नसतात. आणि हा झाला शांतपणे दिलेल्या वजनाचा हिशेब, घणाच्या घावाला तर मोजमापच नाही. चक काढण्यासाठी जोर लावण्यास माझी हरकत नव्हती. तो जोर शेवटी कोणाच्या अंगावर जाऊन पडतो, एवढेच मला बघायचे होते. गिअरच्या अंगावर तो पडता कामा नये, तर स्पिंडल सरळ स्पिंडललाच धरून थांबवला पाहिजे.

या मशीनवर स्पिंडलच्या मागच्या टोकाला फीडचा गिअर कीवर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या चौकोनी पट्टीवर, बसवलेला आहे आणि बाहेरून नटाने आवळलेला आहे. तो गिअर काढला की पावणेदोन इंची, कीची खाच असलेले टोक उघडे पडते. त्यावर बसेल असा एक भक्कम बॉस, म्हणजे जाड गोल कडे, करायचा, त्याला तीन फुटी पट्टीचा हात वेल्ड करायचा आणि तो हात जमिनीवर टेकवायचा, म्हणजे स्पिंडलला येणारी पिळवट कीमधून हातात आणि हातातून जमिनीत उतरेल व एकाही दाताला तिची खबर लागणार नाही, असे मी ठरवले. गंमत अशी की हा बॉस कातायला मशीन लागणार आणि मशीन तर हेच होते. पण चक अडकला होता तो स्पिंडलवर, त्याचे जॉ तर व्यवस्थित चालत होते. त्यामुळे ज्या चकला उतरवायचे होते, त्याच्याच जबड्यात तीन इंची गोल सळई धरून मी त्याला उतरवण्याचे हत्यार कातले. आतली खाच पाडायला आमच्याकडे स्लॉटिंग मशीन नाही. बोरिंग बारमध्ये कीच्या रुंदीचे टूल आडवे बसवून, स्पिंडल न हलू देता, कॅरेज (बेडवरून सरकणारी, टूल धरणारी गाडी) हाताने पुढे-मागे रेटत, दर खेपेला केसभर खोली वाढवत ती खाच मी रंध्यासारखी तासून काढली. थ्री फेज आमच्याकडे ठरावीक तासच असते, पण या कामाला विजेची गरजच नव्हती, म्हणून ते रात्री निवांतपणे झाले.

दुसऱ्या दिवशी पट्टा सैल केला, बॅक गिअर बाजूला केला, बुल गिअरची पिन ओढून घेतली आणि सगळे दात मोकळे केले. मागे बॉस चढवून त्याचा हात कारागिराच्या बाजूला ठेवला, कारण चक सोडताना त्याची पुढची बाजू खाली जाते आणि स्पिंडलही त्याच दिशेला खेचला जातो. हाताखाली साखूच्या लाकडाचा टेकू दिला. मग चकमध्ये जाड षटकोनी सळई धरून तिला पान्हा लावला, पान्ह्याला पाइप लावला आणि पाइपवर भार टाकला. पाइप वाकला. चक हलला नाही. आता मला शंका यायला लागली, कारण हा जोर केवळ आवळलेल्या आट्यांनी पचवण्यापलीकडचा होता.

माझा विचार असा झाला की चकचे धूड उगाच मध्ये कशाला हवे. चकचा मुख्य भाग बॅकप्लेटला मागून तीन बोल्टांनी बांधलेला असतो. बोल्ट काढले, पाटावर चक घसरवून घेतला, तेव्हा प्रथमच स्पिंडलचे नाक समोरून दिसले. आट्यांच्या टोकाशी लोखंडाचा कीस आणि जुने तेल मिळून काळा, डांबरासारखा थर जमला होता. तो तारेने टोकरून काढला, त्या जागी डिझेल घातले आणि रात्रभर राहू दिले. चक काढण्याआधी जे कोणी मागच्या फटीतून तेल सोडतात, त्यांचे तेल वाया जाते असे माझे मत आहे, कारण मागे बॅकप्लेट खांद्याला घट्ट टेकलेली असते आणि तेल आत शिरायला तिथे वाटच नसते. वाट असते ती समोरून, आट्यांच्या उघड्या टोकाकडून.

सकाळी बॅकप्लेटची मान तापवायची होती. बीड तापवताना त्यावरचा रंग जळून घाण धूर होतो, म्हणून मी पुतण्याला आधी रंग खरवडायला सांगितले. मशीनवर हिरव्या रंगाचे निदान तीन थर होते. तो जुन्या ब्लेडने खरवडत असताना एका जागी रंगाची पापडी निघण्याऐवजी पांढरट भुगा निघाला. त्याने बोट लावून पाहिले, मला हाक मारली. मानेवर, आट्यांच्या बरोबर वर, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा असा गोल डाग दिसत होता. लोखंडात लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरलेली होती. टोकदार सुईने ती उकरली तेव्हा खाली ग्रब स्क्रूचे, म्हणजे आतपर्यंत बुडणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूचे, वरचे टोक दिसले, त्याची चीर झिजून नुसती खोलगट वाटी झाली होती.

तो स्क्रू कोणी आणि का बसवला हे कळायला मला वेळ लागला नाही, कारण उत्तर लीड स्क्रूवर होते. इंचाला चार आट्यांच्या लीड स्क्रूवर इंची आटे पाडताना हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा, उघडमीट होणारा नट) उघडून कॅरेज हाताने मागे आणता येते आणि पुन्हा बरोबर जागी नट मिटता येतो. मिलीमीटरचे आटे पाडायचे असतील तर मात्र तसे जमत नाही. एक इंच म्हणजे २५.४ मिलीमीटर, आणि हा दशांश पूर्णांकात बसवायला २५.४ ची पाच पट, म्हणजे १२७ दातांचा गिअर लावावा लागतो. तो लावला तरी एकदा उघडलेला हाफ नट पुन्हा त्याच आट्यात पडेल याची खात्री राहत नाही, म्हणून नट शेवटपर्यंत मिटलेला ठेवून, प्रत्येक कट झाल्यावर टूल बाहेर ओढून मशीनच उलटे फिरवून कॅरेज मागे आणावी लागते. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि त्यानंतर कारखान्यांतली मापे टप्प्याटप्प्याने बदलत गेली, पण मशीन तीच राहिली. इंची मशीनवर मेट्रिक आटे पाडणाऱ्या कारागिराचा हात दिवसभर उलट-सुलट स्विचवर असायचा, आणि धावता स्पिंडल एकदम उलटा केला की आट्यांचा जड चक आपल्याच वजनाच्या ओढीने सुटू लागतो; तो सुटू नये म्हणून हा स्क्रू.

संध्याकाळी चहाला येणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या टर्नरकाकांनी जिनिंगमध्ये उमर घालवली आहे. मी त्यांना स्क्रू दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "आमच्याकडं एकाच्या पायावर पडला होता ना चक, तीस किलोच्या वरचा. त्या दिसापासून सगळ्यायले स्क्रू मारून टाकले." मग थोडे थांबून म्हणाले, "पण बुजवून वर रंग कोणी मारला, थे मले ठाव नाई. उघडा ठेवत होतो आमी." मला त्यांचे म्हणणे पटले. स्क्रू बसवणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याने एका माणसाचा पाय पाहिला होता. लांबी भरून त्यावर रंग फासणाऱ्याला मात्र मशीन विकण्याखेरीज दुसरे काही ठाऊक नसावे.

स्क्रू दोन सुती, म्हणजे पाव इंची, होता. चीर उरली नसल्यामुळे पेचकस चालणार नव्हता. मी त्याच्या मध्यावर पंचने खूण केली, आधी अडीच मिलीमीटरचे आणि मग पाच मिलीमीटरचे ड्रिल हाताच्या मशीनने, बॅकप्लेटला अगदी काटकोनात धरून, सावकाश चालवले. ड्रिल सरळ राहिले पाहिजे, कारण ते बाजूला गेले तर बॅकप्लेटचे आटे जातात, आणि खोल गेले तर खालच्या स्पिंडललाच भोक पडते. म्हणून ड्रिलला मापाच्या जागी चिकटपट्टी गुंडाळली होती. स्क्रूची भिंत पातळ झाली, तेव्हा सुईने तिचा एक पदर आत वळवला आणि चिमट्याने आट्यांची ती बारीक स्प्रिंग गोल गोल फिरवत बाहेर ओढली. तळाचा तुकडा शेवटी चुंबकाला लागून आला. तो हातात घेऊन मी पाहिला, त्याच्या टोकावर स्पिंडलच्या दोन आट्यांचा ठसा स्पष्ट होता. जर मी आदल्या दिवशी पाइप वाकण्याऐवजी आणखी जाड पाइप आणला असता, तर हे टोक स्पिंडलचे आटे आडवे कापत गेले असते.

आता खरी लढाई आट्यांशी होती. बॅकप्लेटच्या दोन बोल्टभोकांना चार फुटी जाड पट्टी बांधली, मागचा बॉस आणि टेकू पुन्हा लावले. स्पिंडलच्या खांद्यावर आणि बॅकप्लेटच्या कडेवर, दोन्हींवर एका रेषेत छिन्नीची बारीक खूण केली, म्हणजे काही हलले तर डोळ्यांना दिसावे. मग स्पिंडलच्या भोकात समोरून ओल्या चिंध्या कोंबल्या, किराणा दुकानातून आणलेला बर्फ त्यात भरला आणि गॅसच्या छोट्या बर्नरने बॅकप्लेटची मान सगळीकडून, ज्योत एका जागी न थांबवता, तापवली. वेल्डिंगची ज्योत मी मुद्दाम वापरली नाही. ती एकाच जागी एवढी उष्णता देते की बिडाला तडा जातो. पाण्याचा थेंब मानेवर टाकल्याबरोबर चुरचुरू लागला की पुरे, त्यापुढे तापवले तर गनमेटलच्या बुशकडे उष्णता जाते आणि त्यातले तेल पातळ होते. साठ अंशांच्या फरकाने दोन इंची भोक किती मोठे होते याचा हिशेब केला तर ०.०३ मिलीमीटर येतो. केसाच्या जाडीहूनही कमी असलेली ही सवलत ऐकायला क्षुल्लक वाटते, पण आट्यांच्या कडा एकमेकींना धरून बसलेल्या असतात तेव्हा तेवढीच हवी असते.

पट्टीच्या टोकावर, पुढच्या बाजूने खाली, पाच पौंडी हातोडीचे घाव घालायचे होते. पट्टीवर लटकून दाबण्यापेक्षा नेमका, आखूड आणि कडक घाव चांगला, कारण दाबाखाली आट्यांचे घर्षण टिकून राहते आणि घावाखाली ते क्षणभर सुटते. पहिल्या दोन घावांचा आवाज मातीच्या भिंतीवर मारावा तसा बद्द आला. तिसऱ्यालाही तसाच आला. चौथ्या घावाला आवाज बदलला. त्यात एक बारीक कर्र अशी किरकिर मिसळली होती. पुतण्याने टॉर्च धरला. छिन्नीच्या दोन खुणांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे अंतर पडले होते.

मला वाटले होते की आता हाताने फिरवले की झाले. तसे झाले नाही. अर्ध्या फेऱ्यावर बॅकप्लेट पुन्हा घट्ट झाली, कारण स्क्रूने दाबलेल्या जागी स्पिंडलच्या आट्याला उठाव आला होता आणि तो उठाव आता बॅकप्लेटच्या आट्यांत शिरला होता. इथे घाई केली तर दोन्हींचे आटे एकमेकांत रुतून बसतात. म्हणून तिथून पुढे हातोडी ठेवून दिली. डिझेलचे चार थेंब सोडायचे, पाव फेरा पुढे न्यायचा, अर्धा पाव मागे आणायचा, पुन्हा थोडे पुढे, पुन्हा मागे. मागे आणताना बारीक काळा कीस तेलासोबत बाहेर येत होता, तो पुसायचा आणि पुन्हा तेल द्यायचे. या हातगाडीच्या चालीने पावणेदोन तास गेले. शेवटचे दोन फेरे मात्र हलके आले आणि बॅकप्लेट माझ्या दोन्ही हातांत आली, तेव्हा ती अजून कोमट होती.

स्पिंडलवरचा उठाव फक्त दोन आट्यांवर, नखाएवढ्या जागेत होता. तिकोनी कानशीने तेवढाच भाग, आट्याच्या शेजारच्या बाजूला न शिवता, उतरवला. नंतर सुती दोरी रॉकेलमध्ये भिजवून आट्यांतून खेचत खेचत सगळी खोबण साफ केली, तेव्हा दोरी प्रत्येक वेळी काळी निघत होती आणि सहाव्या खेपेला जरा उजळ निघाली. खांद्याचा सपाट भागही पाहिला, त्यावर एक बारीक चमकदार ओरखडा होता, म्हणजे चक बसवताना कधीतरी तिथे कीस अडकला होता. त्या एका कणाने चकचा तोंडाचा भाग इतकी वर्षे थोडा वाकडा फिरत असणार. माझ्या काही कामांत जे दोन-तीन शतांश मिलीमीटर जुळत नसत, त्यांचा हिशेब कदाचित इथे लागतो.

काही जण खांदा आणि बॅकप्लेट यांच्यामध्ये जाड कागदाची चकती घालतात, म्हणजे पुढच्या वेळी चक सहज सुटतो. सुटतो हे खरे आहे, पण कागद सगळीकडून सारखा दबत नाही आणि चकची खरी बैठक ही लोखंडावर लोखंडाचीच असावी असे मला वाटते. मी दोन्हीकडे तेलाचा एकेक थेंब लावतो, हाताने फिरवून बसवतो आणि शेवटी हलकासा झटका देतो, यापेक्षा अधिक काही करत नाही. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चक उतरवतो. ही सवय अजून नवीच आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त बोलत नाही.

त्याच संध्याकाळी फेसप्लेट चढली. पुली तीन बोल्ट-क्लॅम्पांनी बांधली, हातात धरलेल्या खडूने कड खरी केली. क्लॅम्पांच्या एका बाजूला वजन जास्त होत होते, म्हणून समोरच्या बाजूला ट्रॅक्टरची जुनी पिन वजनासाठी बांधावी लागली. भोक खरे झाले, बुश बसला आणि जिनिंगवाल्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी पुली मोटारसायकलवर बांधून घेऊन गेला.

ग्रब स्क्रूचे भोक मी रिकामे ठेवले आहे. त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाने एक गोल काढला आहे, म्हणजे माझ्यानंतर हे मशीन कोणाच्या हाती गेले तर त्याला ते दिसेल. पुतण्याने लगेच विचारले, की मग आता पंपवाल्याचे १.५ मिलीमीटर पिचचे आटे कसे पाडायचे. मी त्याला सांगितले, की कट संपला की टूल बाहेर ओढ, मोटार बंद कर, स्पिंडल पूर्ण थांबू दे आणि मग पट्टा हाताने मागे ओढत कॅरेज परत आण, कारण तो जॉब फक्त पाऊण इंचाचा आहे. तो पट्टा ओढत होता आणि प्रत्येक फेऱ्याला मान वाकवून बॅकप्लेटच्या खुणेकडे पाहत होता, ती सरकली तर नाही ना म्हणून.